तीन लिंपेटांचा निवाडा
(प्रस्तावना)

ज्याला पाहताक्षणी ओळखले असे प्रत्येकास वाटते, परंतु ज्याच्या जातीचे नाव विचारताच जाणत्यांचीही जीभ अडखळते, अशा प्राण्यांच्या यादीत समुद्रकाठच्या खडकांना घट्ट चिकटून राहणाऱ्या शंकूच्या आकाराच्या लिंपेटास मानाचे स्थान द्यावे लागेल. ब्रिटिश बेटांच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले असता पायाखालच्या प्रत्येक हातभर जागेत हे प्राणी शेकड्याने दिसतात. कोळ्याची पोरे त्यांचा गळाला आमिष म्हणून उपयोग करतात, आणि सहलीस आलेली मंडळी त्यांना खडकाचाच एखादा उंचवटा समजून वर पाय देऊन पुढे जातात. असा हा सर्वपरिचित जीव एकच नसून पॅटेला या एकाच वंशाच्या तीन स्वतंत्र जाती तेथे शेजारी शेजारी, कित्येकदा एकाच खडकाच्या एकाच कपारीत नांदत असतात, ही गोष्ट मात्र विद्वानांमध्ये निर्विवादपणे मान्य होण्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. या तीन जाती परस्परांपासून कशा वेगळ्या ओळखाव्यात, याचे विवेचन करणे एवढाच या पुस्तिकेचा मर्यादित उद्देश आहे. आणि हा उद्देश दिसतो तितका क्षुल्लक का नाही, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

प्रथम तिन्ही जातींची नावनिशी सांगून टाकावी, म्हणजे पुढील विवेचनात गल्लत होणार नाही. पहिली पॅटेला व्हल्गाटा. लिनियसने १७५८ साली आपल्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत जिला नाव दिले ती ही सामान्य जाती, आणि तिचा मुलूख नॉर्वेच्या उत्तर टोकापासून पोर्तुगालपर्यंत पसरलेला आहे. दुसरी पॅटेला डिप्रेसा. हिचे वर्णन थॉमस पेनंट या वेल्समधील निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ साली केले. ही दक्षिणेकडील उबदार पाण्याची जाती असून उत्तर वेल्स ही तिच्या वसतीची उत्तरेकडील हद्द होय. तिसरी पॅटेला उलिसिपोनेन्सिस. हिला ग्मेलिनने १७९१ साली नाव दिले असले, तरी जुन्या इंग्रजी ग्रंथांतून ती कधी अॅथलेटिका तर कधी अॅस्पेरा या नावांनी भेटते. त्याचप्रमाणे डिप्रेसाही कित्येक वर्षे इंटरमीडिया या नावाने वावरत होती. जुनी पुस्तके चाळणाऱ्या विद्यार्थ्याने ही नावांची उलटापालट ध्यानात ठेवली, म्हणजे पुष्कळसा मनस्ताप वाचेल.

आपल्याकडील न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष फार पूर्वीच सांगून ठेवले आहेत : लक्ष्याच्या काही भागाला लक्षण लागू न पडणे ही अव्याप्ती, लक्ष्याबाहेरच्या वस्तूलाही ते लागू पडणे ही अतिव्याप्ती, आणि लक्ष्यात ते मुळीच न सापडणे हा असंभव. प्राण्यांच्या जाती ओळखण्याच्या शास्त्राला या त्रिविध दोषांची कसोटी जितकी कठोरपणे लावावी तितकी थोडीच. आणि लिंपेटांच्या बाबतीत ती लावून पाहिली असता असे आढळते, की डोळ्यांना सर्वांआधी दिसणारे जे लक्षण, म्हणजे शंखाचा बाह्य आकार, तेच अव्याप्ती आणि अतिव्याप्ती या दोन्ही दोषांनी सर्वांत अधिक ग्रासलेले आहे. याचे कारण समजून घ्यावयाचे, तर या प्राण्याच्या दिनचर्येकडे वळले पाहिजे.

लिंपेट हा मृदुकाय संघातील उदरपाद वर्गाचा प्राणी, म्हणजे गोगलगाईचा दूरचा आप्त. याच्या शंखाला वेटोळे नसते. वरून निमुळती आणि खाली रुंद अशी ती एक टोपी असते, आणि तिच्याखाली एक रुंद मांसल पाय प्राण्याला खडकाशी जखडून ठेवतो. भरतीच्या पाण्याखाली, किंवा काही किनाऱ्यांवर रात्रीच्या दमट ओहोटीत, तो आपली जागा सोडून खडकावरील सूक्ष्म शैवाल खरवडीत हिंडतो आणि चरून झाल्यावर बहुधा आपल्या मूळ ठिकाणी परत येतो. त्या ठिकाणी त्याच्या शंखाची कडा आणि खडक एकमेकांना झिजवून असे तंतोतंत जुळलेले असतात, की ओहोटीत आतील ओलावा बाहेर जाऊ नये. लिंपेट अन्नासाठी खडक सोडून फिरतो, ही गोष्ट अॅरिस्टॉटलच्याही दृष्टीस पडली होती.

आता जो प्राणी किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यात राहतो, त्याला ओहोटीचे दीर्घ तास उन्हावाऱ्यात काढावे लागतात, आणि तेवढा वेळ त्याचे स्नायू शंखाला खडकाकडे सतत ओढून धरीत असतात. या ओढीमुळे शंख घडविणाऱ्या प्रावाराची कडा आत आकसली जाते, आकसलेल्या कडेपासून तयार होणारा नवा शंख रुंदीत कमी आणि उंचीत अधिक वाढतो, आणि परिणामी वरच्या पट्ट्यातील लिंपेटांचे शंख उंच शंकूसारखे होतात, तर डबक्यांत किंवा खालच्या ओल्या पट्ट्यात राहणाऱ्यांचे शंख बसके राहतात. जे. एच. ऑर्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने ही कारणपरंपरा मांडली, आणि तिचे तात्पर्य असे, की शंखाची उंची ही प्राण्याच्या कुळाची साक्ष देण्यापूर्वी त्याच्या मुक्कामाची साक्ष देते. व्हल्गाटाचा शंख उंच आणि डिप्रेसाचा चपटा, हा पुस्तकांतून आढळणारा नियम ढोबळ मानाने खरा आहे. परंतु डबक्यात वाढलेली व्हल्गाटा डिप्रेसाहूनही चपटी असू शकते, आणि केवळ उंचीवर विसंबणारा निरीक्षक तेथे हमखास फसतो.

याचा अर्थ शंखाचे बाह्यरूप अगदीच निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. त्याची साक्ष घ्यावी, पण एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये. व्हल्गाटा तिघींत मोठी, कधी कधी सहा सेंटिमीटर लांबीपर्यंत वाढणारी. तिच्या शंखाचे शिखर मध्याजवळ किंवा किंचित पुढे असते आणि वरच्या कण्यांची रचना अनियमित व भरड असते. डिप्रेसा आकाराने लहान. तिच्या शंखाचे कणे कडेच्या बाहेर डोकावत असल्यामुळे कडा कोनाकोनांची दिसते. उलिसिपोनेन्सिसचा शंख चपटा, शिखर पुढच्या बाजूस सरकलेले, आणि कणे बारीक पण अधिक नियमित असतात : एक ठळक कणा, मग बारीक कण्यांचा समूह, मग पुन्हा एक ठळक कणा, असा क्रम ताज्या शंखावर भिंगाने पाहता येतो. परंतु लाटांच्या माऱ्याने शंखाची पाठ झिजलेली असते, तीवर शैवाल आणि बार्नॅकल यांनी घर केलेले असते, आणि मग हे सारे बारकावे पुस्तकातील चित्रांपुरतेच उरतात.

बाह्यरूपाने असा दगा दिल्यानंतर शंखाच्या आतील बाजूकडे वळावे. तेथे स्नायूचा नालाकृती ठसा असतो, त्याचे उघडे तोंड पुढे, डोक्याच्या दिशेस असते, आणि त्या ठशाच्या आतील भाग व शंखाची कडा यांच्या रंगांत तिन्ही जातींचा फरक बराच उघड होतो. व्हल्गाटाच्या शंखाची आतील बाजू करडी-हिरवट आणि मधला डाग रुपेरी असतो. डिप्रेसाच्या कडेवर गडद किरणांसारखे पट्टे असून मधला डाग फिकट पिवळसर किंवा नारिंगी छटेचा असतो. उलिसिपोनेन्सिसची आतील बाजू चिनी मातीच्या भांड्यासारखी शुभ्र व चकचकीत असून मधल्या डागात पिवळी-नारिंगी झाक असते. वाळूत सापडलेल्या रिकाम्या शंखाविषयी जे काही बोलावयाचे, ते बव्हंशी या आतील रंगांच्या आधारेच बोलावे लागते, आणि म्हणूनच उन्हाने विटलेल्या शंखाविषयी मौन पाळणे हेच शहाणपणाचे.

तथापि खरा भरवशाचा पुरावा प्राण्याच्या जिवंत शरीरातच सापडतो. लिंपेट सावध होण्यापूर्वी, पातळ पात्याच्या चपळ फटकाऱ्याने त्याला खडकापासून सोडवून उलटे केले, की पायाचा तळवा दृष्टीस पडतो. व्हल्गाटाचा तळवा पिवळसर ते करड्या-हिरवट रंगाचा, डिप्रेसाचा गडद, कित्येकदा जवळजवळ काळा, आणि उलिसिपोनेन्सिसचा जर्दाळूसारख्या पिवळट-नारिंगी रंगाचा. त्याहूनही महत्त्वाच्या आहेत प्रावाराच्या कडेवर शंखाच्या परिघाशी झालरीसारख्या ओळीने बसलेल्या सूक्ष्म स्पर्शिका : व्हल्गाटात त्या पारदर्शक असल्यामुळे शोधूनही सहज दिसत नाहीत, उलिसिपोनेन्सिसमध्ये त्या फिकट मलईच्या रंगाच्या असतात, आणि डिप्रेसामध्ये त्या खडूसारख्या अपारदर्शक पांढऱ्या असून गडद पायाच्या पार्श्वभूमीवर शुभ्र ठिपक्यांच्या माळेसारख्या उठून दिसतात. ब्रिटिश किनाऱ्यावर डिप्रेसाची खातरजमा करण्यासाठी या पांढऱ्या स्पर्शिकांइतके सोयीचे दुसरे लक्षण नाही. मात्र येथेही कोवळ्या पिल्लांचे तळवे फिकट असतात, आणि तळव्याचा रंग एकाच जातीतही थोडाबहुत बदलतो, हे विसरता कामा नये.

प्रयोगशाळेतील अभ्यासकासाठी आणखी एक साक्षीदार उपलब्ध आहे, तो म्हणजे लिंपेटाची खडक खरवडण्याची दातेरी पट्टी. ही पट्टी प्राण्याच्या पोटात वेटोळे घालून बसलेली असते आणि उलगडली असता पुष्कळदा शंखाहूनही लांब भरते. तिच्यावरील दात गोथाइट या लोहखनिजाच्या तंतूंनी बळकट झालेले असतात, आणि त्यांच्या द्रव्याचा ताण सहन करण्याचा जोर तोपर्यंत मोजलेल्या कोणत्याही जैव पदार्थाहून अधिक भरला, असे पोर्ट्समथ येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. बाजूच्या दातांच्या टोकांची परस्पर प्रमाणे आणि शंखाच्या लांबीशी पट्टीच्या लांबीचे गुणोत्तर ही दोन्ही जाती ठरविण्यास उपयोगी पडतात. परंतु हे गुणोत्तरही किनाऱ्यावरील स्थानानुसार बदलते, त्यामुळे ज्याने स्थानाची नोंद ठेवली नाही त्याच्या हाती ही सूक्ष्म मोजमापेही अपुरी ठरतात.

अशा एकेकट्या लक्षणाच्या लवचिकपणामुळेच या विषयाचा इतिहास वादांनी भरलेला आहे. फ्रान्समधील एदुआर फिशर-पिएत यांनी युरोप आणि उत्तर आफ्रिका येथील पॅटेलांवर १९३५ साली विस्तृत प्रबंध लिहिला आणि पुढे अनेक वर्षे अटलांटिक किनारा पालथा घातला. त्यांना काही भागांत दोन जातींमधील मध्यम रूपे इतकी विपुल आढळली, की जातींच्या सीमारेषांविषयी आणि संकराविषयी प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य झाले. पुढे प्राण्यांच्या विकरांचे विद्युत्-संचारणाच्या पद्धतीने पृथक्करण होऊ लागले, तेव्हा नैऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरील तिन्ही जाती परस्परांपासून वेगळ्या असल्याचे स्पष्ट झाले, आणि डोळ्यांना जी मध्यम रूपे वाटली त्यांपैकी बरीचशी परिस्थितीने घडविलेली होती, असे मानण्यास आधार मिळाला. त्यानंतरच्या रेणवीय अभ्यासाने अॅझोर्स, मदेरा व कॅनरी बेटांवरील लिंपेटांना युरोपच्या मुख्य किनाऱ्यावरील उलिसिपोनेन्सिसपासून निराळे काढून त्यांना अॅस्पेरा हे जुने नाव परत दिले. विद्वानांच्या दफ्तरातील ही फेरतपासणी अद्याप पूर्णतः संपलेली नाही, आणि संपू नये हेच शास्त्राच्या प्रकृतीला धरून आहे.

शरीरलक्षणांच्या जोडीला स्थळ आणि काळ या दोन परिस्थितिजन्य पुराव्यांचा विचार करणे अवश्य आहे. व्हल्गाटा किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यापासून खालपर्यंत सर्वत्र वहिवाट करते आणि आडोशाच्या जागीही तग धरते; डिप्रेसा लाटांच्या माऱ्यातील उघड्या खडकांचा मधला पट्टा पसंत करते; उलिसिपोनेन्सिस उधाणाच्या ओहोटीतच उघड्या पडणाऱ्या खालच्या पट्ट्यात, आणि वरच्या भागात राहिलीच तर गुलाबी चुनखडी शैवालाने मढलेल्या डबक्यांत राहते. आयर्लंडच्या किनाऱ्यावर डिप्रेसा मुळीच आढळत नाही; म्हणून तेथे कुणाला ती सापडली असे वाटले, तर त्याने आपली निरीक्षणे दुप्पट काळजीने तपासावीत. प्रजननाचा काळही वेगवेगळा : व्हल्गाटा शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत अंडी व शुक्रबीजे समुद्रात सोडते, तर डिप्रेसा मुख्यतः उन्हाळ्यात. व्हल्गाटाची आणखी एक गंमत अशी, की तिच्यातील बहुतेक प्राणी प्रथम नर म्हणून वयात येतात आणि मोठेपणी मादी होतात. अर्थात एखाद्या खडकावरील मोठे लिंपेट निवडून निवडून काढून नेले, तर तेथील माद्यांचीच संख्या घटते.

येथे कुणी असा आक्षेप घेईल, की इतक्या सारख्या दिसणाऱ्या तीन शंखांत भेद करून मिळवावयाचे काय? त्याचे उत्तर १९६७ सालच्या मार्च महिन्यात कॉर्नवॉलजवळ घडलेल्या एका दुर्घटनेत आहे. टॉरी कॅन्यन नावाचे तेलवाहू जहाज खडकावर आदळून त्यातील कच्चे तेल समुद्रात पसरले, आणि ते घालविण्यासाठी वापरलेल्या विषारी धावनद्रव्यांनी किनाऱ्यावरील लिंपेटांचा फार मोठा संहार केला. चरणारे प्राणी नाहीसे होताच खडक प्रथम हिरव्या शैवालाने आणि नंतर तपकिरी समुद्रवनस्पतींनी झाकून गेले, आणि पूर्वीचा तोल परत येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आयल ऑफ मॅन बेटावर त्याआधी, १९४०च्या दशकात, संशोधकांनी खडकाच्या एका पट्ट्यावरून लिंपेट हेतुपुरस्सर काढून टाकून हाच परिणाम घडवून आणला होता. तात्पर्य, या चिमुकल्या प्राण्यांच्या हातात अख्ख्या खडकाच्या वनस्पतिसृष्टीची सूत्रे आहेत.

आणि येथेच जातिभेदाचे महत्त्व प्रकट होते. व्हल्गाटा समुद्रवनस्पतींच्या झुपक्याखाली गोळा होऊन राहते, डिप्रेसा तसे करीत नाही. व्हल्गाटा थंड पाण्याची, डिप्रेसा उबदार पाण्याची. अलीकडच्या दशकांत नैऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर हवामान उबदार होत गेले तसे डिप्रेसाचे प्रमाण व्हल्गाटाच्या तुलनेने वाढत गेले, असे तेथील दीर्घकालीन नोंदींवरून दिसते. या दोन्ही जाती ‘लिंपेट’ या एकाच रकान्यात मोजल्या असत्या, तर एकूण बेरीज फारशी बदलली नसती आणि समुद्राच्या तापमानाचा हा जिवंत दाखला कुणाच्याही दृष्टीस पडला नसता. नाव चुकले, की संख्या बरोबर असूनही इतिहास खोटा होतो.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. तिसऱ्या, कालवे आणि शिंपल्या यांची पारख कोकणातील आणि गोव्यातील घराघरांत आहे. परंतु रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर कालवांच्या शेजारीच चिकटलेल्या लिंपेटांकडे आपण क्वचितच लक्ष देतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील खरे लिंपेट पॅटेला वंशाचे नसून त्याच्या जवळच्या सेलाना वंशाचे आहेत. सेलाना रेडिएटा आणि सेलाना कराचिएन्सिस या दोन जाती त्यांत प्रमुख आहेत. त्यांच्याच जोडीने सायफोनेरिया नावाचे मायावी लिंपेटही तेथे राहतात. त्यांचे बाह्यरूप खऱ्या लिंपेटासारखे असले, तरी त्यांची श्वसनसंस्था आणि कूळ सर्वस्वी वेगळे. शंख उलटा करून पाहिला, तर स्नायूच्या ठशाचे उघडे तोंड पुढे नसून उजव्या बाजूस आढळते, आणि त्या बाजूचा कणा बाहेर आल्याने शंखाचा सममित आकार तेथे बिघडतो. या एका लक्षणाने खऱ्या-खोट्याचा निवाडा तात्काळ होतो, इतके ते स्पष्ट आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर बालपरमेश्वर राव आणि गणपती यांनी सेलाना रेडिएटाच्या शंखाची रचना किनाऱ्यावरील उंचीनुसार कशी बदलते, याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. म्हणजे ब्रिटिश खडकांवर पॅटेलाने शिकविलेला धडा आपल्या खडकांवरही तसाच लागू आहे. आपल्या जातींच्या जिवंत शरीरलक्षणांची, विशेषतः तळव्याच्या व स्पर्शिकांच्या रंगांची, तपशीलवार मराठी नोंद व्हावी, आणि ती किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीच करावी, ही अपेक्षा ही पुस्तिका लिहिताना मनात होती.

पुस्तिकेच्या मांडणीविषयी दोन शब्द. पहिल्या भागात तिन्ही जातींच्या शंखाचे, दुसऱ्यात जिवंत शरीराचे आणि तिसऱ्यात दातेरी पट्टीचे वर्णन दिले आहे. प्रत्येक लक्षणापुढे ते कोणत्या परिस्थितीत फसवे ठरते, याचीही नोंद आहे. शेवटी किनाऱ्यावर बरोबर नेण्याजोगा तक्ता दिला असला, तरी आधीचे विवेचन न वाचता नुसत्या तक्त्यावर विसंबू नये.

वाचकांस शेवटची विनंती अशी, की प्राणी उगाच उखडू नयेत. पाच-सहा पाहून काम भागत असेल, तर सातव्याला हात लावू नये, आणि पाहून झालेला प्राणी त्याच्याच जागी, ओल्या खडकावर, पुन्हा घट्ट धरेपर्यंत हाताने दाबून ठेवावा. नोंदवहीत जातीच्या नावाबरोबर स्थळ, किनाऱ्यावरील पट्टा, तारीख आणि कोणत्या लक्षणांवरून निर्णय घेतला ती लक्षणे अवश्य लिहावीत. जेथे शंख एक सांगतो आणि तळवा दुसरे, तेथे आपल्या पसंतीचे नाव देण्याचा मोह टाळून ‘पॅटेला, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे. चुकीच्या नावाने भरलेल्या रकान्यापेक्षा अनिश्चित म्हणून ठेवलेला रकाना पुढच्या अभ्यासकास कितीतरी अधिक उपयोगी पडतो.